हिलाल आबा मदरबोर्ड पाहायला निघतात

एरंडोलकडच्या कित्येक घरांत मुलीचं लग्न ठरायच्या आधी एक वाक्य हमखास बोललं जातं, "आधी आबांना विचारा." आबा म्हणजे हिलाल आबा. शेत बटाईने दिलेलं, गुडघे कुरकुरणारे, डोळे मात्र घारीचे. त्यांचा खरा उद्योग म्हणजे चौकशी. मुलगा पितो का, सासू कजाग आहे का, सांगतात ती जमीन सातबाऱ्यावर आहे की नुसती बोलण्यात, हे सगळं आबा काढून आणणार. त्याबद्दल घेणार काय, तर लग्नात टोपी-टॉवेल आणि पंगतीत जिलबीचा एक वेढा जास्त.

त्यांची रीत ठरलेली. स्थळाच्या घरी आधी जायचंच नाही. त्या गावच्या बाजाराच्या दिवशी, कुणाला न कळवता, एसटीने उतरायचं. टपरीवर चहा घ्यायचा. मग न्हाव्याकडे दाढीला बसायचं, कारण हातात वस्तरा असताना न्हावी खोटं बोलत नाही असा आबांचा विश्वास. मग त्या घराशी ज्याचं बांधावरून भांडण आहे त्याला गाठायचं. आबा म्हणतात, दोस्त गुण सांगतो, दुश्मन अवगुण सांगतो, आणि खरं काय ते दोघांच्या मधल्या बांधावर पडलेलं असतं, ते आपण वाकून उचलायचं. या रीतीने त्यांनी जमवलेल्या सोयरिकी टिकल्या. एकदोन फसल्या, पण त्यांचा विषय आबांसमोर कुणी काढत नाही, आपणही कशाला काढा.

तर अशा माणसावर एके दिवशी मदरबोर्ड निवडायची पाळी आली.

झालं असं की आबांची सून भूमिका घरी बसून नाशिकच्या एका कंपनीचं काम करते. ठिबकचे नकाशे काढते. शेताचं माप, विहीर कुठे, चढ कुठे, एवढं कळवलं की कोणती नळी कुठून न्यायची ते ती कॉम्प्युटरवर आखून देते. मोठा पडदा लागतो, जड सॉफ्टवेअर लागतं, लॅपटॉपवर ते काम भागत नाही. नवरा भूपेंद्र सुरतेला मिलमध्ये, महिन्याकाठी एकदा घरी. म्हणजे घरात माणसं तीन: आबा, कमलबाई आणि भूमिका. पण कॉम्प्युटर काही टिकेना. मागच्या उन्हाळ्यात मदरबोर्ड गेला. नवा बसवला. या उन्हाळ्यात, ऐन मे महिन्यात, पूर्वहंगामी कापसाच्या ठिबकची झुंबड उडालेली असताना तोही गेला. मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य पाटी, बाकीचे सगळे सुटे भाग त्याच पाटीवर नांदतात. ती गेली की सगळंच बसलं.

नाशिकहून साहेबाचा फोन आला. भला माणूस, पण त्यालाही वर कुणीतरी होतं. तो म्हणाला, सोमवारपर्यंत थांबतो, पण या सीझनमध्ये आणखी एकदा बंद पडलं तर नाशिकला ऑफिसात येऊन बसावं लागेल, राहायची सोय कंपनी करेल. भूमिका "बरं सर" म्हणाली आणि फोन ठेवला.

आबा ओट्यावर तंबाखू मळत होते, ती हातातच राहिली. दोन्ही मुली सासरी गेल्यापासून ते घर कसं झालं होतं हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. दुपारी नुसता घड्याळाचा आवाज. भूमिका आली आणि आतल्या खोलीतून बटणांची टकटक सुरू झाली, फोनवर कुणा शेतकऱ्याला "काका, विहिरीपासून मोजलंत ना?" असं विचारणं सुरू झालं, आणि घरात जीव आला. ती नाशिकला गेली तर घर खायला उठेल, हे आबांना एका क्षणात कळलं. पण हे ते कुणाला सांगणार? निदान सुनेला तर नाहीच.

कारण त्या घरातली दुसरी एक रीत सांगायची राहिली. सासरा आणि सून एकमेकांशी थेट बोलत नाहीत. भांडण म्हणाल तर अजिबात नाही. मर्यादा. आबांच्या वडिलांनी पाळली, आबांनी पाळली. भूमिका धुळ्याची, शिकलेली, तिच्या माहेरी असलं काही नव्हतं, पण पहिल्याच आठवड्यात तिने ओळखलं आणि पाळायला लागली. मग बोलणं चालायचं ते कमलबाईंच्या मार्फत. तिघं एकाच खोलीत असायची. भूमिका म्हणायची, "आई, आबांना सांगा, चहा झालाय." आबांना चांगलं ऐकू यायचं, तरी ते छताकडे बघत थांबायचे. मग कमलबाई म्हणायच्या, "चहा व्हयना." की मग आबा उठायचे.

आता कमलबाईंची एक खोड होती. लांबलचक निरोप त्यांना पेलायचा नाही. त्या त्याचं सार काढायच्या. मदरबोर्डाचं ठरलं तेव्हा भूमिकाने नीट समजावलं, "आई, आबांना सांगा, प्रोसेसर आपला जुनाच वापरायचा आहे, म्हणून त्याला जुळणारं सॉकेट असलेलाच बोर्ड लागेल. चमकणारे दिवे असलेला नको. वीज जिथून खेळते त्या भागावर धातूचे जाड पत्रे असले पाहिजेत म्हणजे उष्णता निघून जाते. वॉरंटी तीन वर्षांची, आणि सर्व्हिस सेंटर जवळ."

कमलबाई आबांकडे वळल्या. "ती म्हनस, चांगला लई या." म्हणजे चांगला घेऊन या, बस.

आबांनी मान हलवली. त्यांना सगळं कळलं होतंच. जुळणारं सॉकेट म्हणजे पत्रिका जुळणं, वॉरंटी म्हणजे घरच्यांची हमी, सर्व्हिस सेंटर म्हणजे माहेर जवळ असणं. यात अवघड ते काय? त्यांनी दोन्ही मेलेले बोर्ड जुन्या टॉवेलात गुंडाळले, पिशवीत घातले, टोपी झटकली आणि निघाले. निघताना रोजच्यासारखा कूलर फिरवून ठेवायला विसरले नाहीत.

हो, तो कूलरही सांगायचा राहिला. खानदेशचा मे महिना म्हणजे काय ते खानदेशात राहिलेल्याला सांगायला नको आणि न राहिलेल्याला सांगून पटायचं नाही. पाखरंसुद्धा दुपारी बोलत नाहीत. आबांच्या घरी एकच मोठा पत्र्याचा कूलर, गवताच्या जाळीवर बोअरचं पाणी टपटपणारा. पूर्वी तो ओट्याच्या खोलीकडे तोंड करून असायचा. भूमिका काम करायला लागली तेव्हापासून रोज अकरा वाजले की आबा स्वतः उठायचे, कूलरची चाकं कुरकुर वाजवत त्याचं तोंड आतल्या खोलीकडे करायचे, आणि भिंतीकडे बघून म्हणायचे, "मशीन तपी जास." मग स्वतः बाहेर टोपीने वारा घेत बसायचे. कमलबाई हसायच्या, पण बोलायच्या नाहीत.

आबा पहिल्यांदा गेले धुळ्याला. तिथे त्यांच्या साडूच्या नात्यातला अमृत कॉम्प्युटरच्या वस्तू विकतो. अमृतने काउंटरवर तीन खोकी मांडली. एकावर राक्षसाचं चित्र, एकावर विजेचं, आणि तिसरं साधंच. अमृत बोलायला लागला तसा आबांनी हात वर केला.

"देख भाऊ, गुण नको सांगू. हाऊ माल तीन साल पहिले कोना घर गया, ते सांग."

अमृतने खूप गिऱ्हाइकं पाहिली होती, पण असलं नव्हतं. त्याने डोकं खाजवलं आणि दोन नावं सांगितली. आबा रिक्षा करून दोन्ही ठिकाणी गेले. एक फोटो स्टुडिओवाला, त्याच्याकडे साध्या खोक्याच्या कंपनीचा बोर्ड होता. दुसऱ्या होत्या शिकवणी घेणाऱ्या बाई, त्यांच्याकडे राक्षसाचा. आबांनी दोघांना तेच विचारलं: नांदतो कसा, रुसतो का, आजारपण किती, रागीट आहे का म्हणजे तापतो का. शिकवणीच्या बाईंना वाटलं हे कुणा मुलाबद्दल विचारताहेत. त्या म्हणाल्या, "काका, मला मुलगी नाही." आबांनी खुलासा केल्यावर त्यांनी हसत हसत पाणी दिलं आणि सांगितलं की बोर्ड छान आहे, एकदाही बंद पडलेला नाही. स्टुडिओवालाही म्हणाला, छान आहे. आबांचं समाधान होईना. बठ्ठा चांगलंच सांगतस, म्हणजे हे सगळे दोस्त झाले. आता दुश्मन गाठायचा.

बोर्डाचा दुश्मन कोण? दुरुस्तीवाला.

दुसऱ्या दिवशी आबा जळगावला उतरले आणि विचारत विचारत चंदनच्या दुकानात पोचले. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. समोर टेबल, त्यावर दिवा, भिंग, धुराचा वास. कोपऱ्यात मेलेल्या बोर्डांचा गुडघाभर ढीग. आबांना तो ढीग पाहून खरोखर आनंद झाला. न्हाव्याच्या दुकानात आल्यासारखं वाटलं.

चंदन कामात होता. आबा म्हणाले, "तुझं चालू दे, मी बसतो." आणि ढिगाशेजारी बसून एकेक बोर्ड चष्म्याजवळ नेऊन कंपनीचं नाव वाचायला लागले. साध्या खोक्याची कंपनी एका बाजूला, राक्षसाची दुसऱ्या बाजूला, विजेची तिसरीकडे. थोड्या वेळाने साध्या कंपनीची चळत गुडघ्याच्या वर गेली. राक्षसाचे पाच-सहा. विजेचा एकही नाही. आबांनी मांडीवर थाप मारली. प्रकरण निकालात निघालं होतं. विजेच्या चित्राचा घ्यायचा, साध्याला हात लावायचा नाही.

चंदनने मान वर केली. हे वाटण्या करणं त्याने बऱ्याच वेळापासून पाहिलं होतं. "काय ठरलं, आबा?"

आबांनी सांगितलं, आपल्या सोयरिकींच्या रीतीसकट. चंदन खुदकन हसला. "आबा, तुम्ही सोयरिकी जमवता असं म्हणालात. ज्या गावात लग्नं जास्त होतात, तिथली भांडणंही तुमच्याकडे जास्त येत असतील ना? म्हणून काय ते गाव वाईट?"

आबांनी हातातला बोर्ड परत चळतीवर ठेवला.

"हा साधा बोर्ड जळगाव-धुळ्यात घरोघरी आहे. घरोघरी आहे म्हणून माझ्याकडे येतो. येतो आणि बरा होऊन जातो, कारण त्याचे भाग मिळतात. सर्व्हिस सेंटर इथेच आहे, स्टेशनजवळ. हे पडलेत ते अगदीच गेलेले. आणि तो विजेवाला माझ्याकडे का नाही माहीत आहे? तो बिघडला की लोक थेट भंगारात टाकतात. त्याला हात लावणारा इकडे कुणी नाही."

आबांनी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी हार खाल्ली होती, पण चौकशीत नाही. त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली. मग मुकाट्याने पिशवीतून टॉवेल काढला आणि दोन्ही मेलेले बोर्ड टेबलावर ठेवले. "मंग हे कशाने गेले?"

चंदनने एक उचलून दिव्याखाली धरला, भिंगातून पाहिला, दुसरा पाहिला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "हे चांगल्या जातीचे होते, आबा. हे गेले नाहीत, यांना घालवलंय. पाण्याजवळ ठेवता का मशीन?"

"नाही बा. कोरड्या खोलीत आहे."

"मग हे बघा." चंदनने बोट ठेवलं. पितळी पिनांच्या कडेकडेने पांढरं पांढरं काही फुललेलं होतं, कुठे हिरवट. "हा क्षार आहे. गंज धरलाय. म्हणूनच वॉरंटीत कुणी घेणार नाही."

आबांनी भिंग घेतलं. त्यांना भिंगाची गरजच नव्हती. ते पांढरं त्यांच्या रोजच्या ओळखीचं होतं. दर उन्हाळ्यात कूलरची जाळी काढून ते स्वतः नारळाच्या काथ्याने ते खरवडत. बोअरच्या खाऱ्या पाण्याचं. कूलरचा गार वारा सुटतो, त्याच्याबरोबर ते बारीक पाणी उडतं, आणि दिवसभर समोर जे असेल त्यावर बसतं.

त्यांनी भिंग हळूच खाली ठेवलं. दोन जिल्ह्यांत फिरून, दोस्त पाहून, दुश्मन पाहून आबांनी जो दोषी शोधला होता तो दोषी रोज सकाळी अकरा वाजता स्वतःच्या हाताने कूलर फिरवत होता. त्यांना फार वाईट वाटलं. हसूही आलं असतं, पण सोमवार तोंडावर होता.

चंदननेच मग जुन्या बोर्डावरून सॉकेट जुळवलं आणि आबांनी साध्या खोक्याचाच बोर्ड घेतला. वॉरंटीचा कागद, पक्कं बिल, सगळं. परतीच्या एसटीत खोकं मांडीवर घेऊन ते बसले. शेजारच्याने दोनदा विचारलं, "आबा, काय घेतलं?" आबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. हे एरंडोल तालुक्याने पहिल्यांदाच पाहिलं असेल.

खरा पेच पुढेच होता. कूलर आता परत ओट्याकडे फिरवायचा, म्हणजे भूमिका त्या आतल्या खोलीत भाजून निघणार. का, तर मशीन टिकावं म्हणून. आणि आबांनी कूलर मशीनसाठी फिरवला तरी कधी होता? त्या खोलीत ती पोरगी पदर सावरत, घाम पुसत बसायची, ते त्यांना बघवत नव्हतं. पण सासऱ्याने सुनेला वारा द्यावा, असं त्या घरात कधी कुणी बोललेलं नव्हतं. म्हणून मशीनचं नाव. मशीनला मान असतो, त्याच्या आडून माया करता येते.

घरी पोचले तेव्हा भूमिका भाजी निवडत बसली होती, शेजारी कमलबाई. आबांनी खोकं खाली ठेवलं. सवयीने कमलबाईंकडे वळले, तोंड उघडलं, आणि थांबले. हे कमलबाईंच्या सारात बसणारं नव्हतं.

"भूमिका," आबा म्हणाले.

कमलबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, सासऱ्याच्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच आलं होतं. भूमिका उभी राहिली.

"ते दोन बोर्ड मीच मारले," आबा म्हणाले. "कूलरच्या वाऱ्याने गंजले. आणि तो वारा मशीनसाठे नव्हता. तुन्हासाठे व्हता."

भूमिका खाली बघत म्हणाली, "माहीत होतं, आबा. दोन्ही माहीत होतं."

"गंजाचंबी?"

"पहिला गेला तेव्हाच दिसलं होतं. कपडा टाकून पाहिला, तर मशीन तापून बंद पडायचं. मी आईंना दोनदा सांगितलं, कूलर थोडा बाजूला घ्यायला सांगा म्हणून."

आबांनी कमलबाईंकडे पाहिलं. कमलबाईंनी मेथीकडे पाहिलं. "मी कसाले सांगू?" त्या म्हणाल्या. "तुमी एवढा मायाखाल कूलर फिरावतस. आनि पोरबी उनमा बसती. म्हंतलं, मशीन गयं ते दुसरं ई." आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

आबांना त्यांच्यावर रागावता येईना. कुणावर रागवायचं? तिघांनी एकमेकांना जपत जपत चांगले दोन बोर्ड आणि जवळजवळ एक नोकरी घालवली होती. त्यांनी पाटावर बसकण मारली. आणि एवढं बोललोच आहोत तर उरलेलंही बोलावं, म्हणून जे विचारायला चार दिवस धीर होत नव्हता ते विचारलं.

"तुले नाशिकले जानं शे का? खरं सांग. आता मझार कोनी नही."

मधे कुणी निरोप्या न ठेवता, जगाची चौकशी केलेल्या माणसाने आपल्याच घरातल्या माणसाला विचारलेला हा पहिला प्रश्न. भूमिका पुन्हा खाली बसली.

"जायचं होतं, आबा," ती म्हणाली. "साहेबांचा फोन आला तेव्हा मला बरंच वाटलं. इथे सगळे माझ्यासाठी करतात. तुम्ही वारा देता, आई आयता डबा भरावा तसं ताट हातात देतात. पण दिवसभर निरोपांपलीकडे माझ्याशी कुणी बोलत नाही. मी त्या शेतकऱ्यांना फोनवर विहिरीचं माप तीन-तीनदा विचारते, ते काय मला ऐकू येत नाही म्हणून? तेवढंच कुणाशी तरी बोलणं होतं."

खोलीत पंखा फिरत होता. ज्या आवाजाने त्यांच्या घरात जीव आला होता, तो आवाज ती एकटी पडली म्हणून काढत होती.

"मंग?" आबा कसेबसे म्हणाले.

भूमिकाने खोकं उचललं, उलटसुलट करून पाहिलं, कडेचं लेबल वाचलं. "सॉकेट बरोबर आणलंत," ती म्हणाली. "मशीनचा डबा आपण आतल्या खोलीच्या भिंतीपलीकडे, धान्याच्या खोलीत ठेवू. भिंतीला भोक पाडून वायरी इकडे घेऊ. पडदा आणि बटणं आतल्या खोलीतच, म्हणजे कूलर आहे तिथेच राहील. भोक पाडाल ना?"

"पाडतो."

"सोमवारच्या आत?"

"आत्ता पाडतो."

"मग मी नाही जात नाशिकला," भूमिका म्हणाली. "पण आबा, उद्यापासून मला काय सांगायचं ते मला सांगायचं."

"बरं," आबा म्हणाले. आणखी काहीतरी बोलायला हवं हे त्यांना कळत होतं, पण ज्या माणसाने दोन जिल्ह्यांतल्या न्हाव्यांना बोलतं केलं, त्याला पुढचा शब्द काही केल्या सापडेना. ते छिन्नी शोधायला उठले, आणि भिंतीशी जाऊन पाठमोरेच भोकाची जागा बोटांनी मोजायला लागले.